यादीत नाव नसलेलं कार्ड

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. आधीच्या दोन रोजनिश्या जानेवारीत सुरू केल्या, तिथेच चुकलं. जानेवारीत सगळेच सुरू करतात.

मुद्दा असा. भाविकाला बंगलोरला नोकरी लागली. पंचवीस ऑक्टोबरला जाणार, म्हणजे भाऊबीज झाली की लगेच. काल जेवताना म्हणाली की बाबा, जायच्या आधी तो होडीचा गेम एकदा शेवटपर्यंत खेळू या का आपण. एकाच मशीनवर दोघांनी शेजारी बसून खेळायचा गेम आहे. एक होडी, एक वल्हं तिच्याकडे, एक माझ्याकडे. खाडीतून निघायचं आणि समुद्राला लागायचं. ती सात-आठ वर्षांची असताना मी तिला आमच्या खाडीत खरीखुरी होडी शिकवली होती, मी डावीकडे आणि ती उजवीकडे. आता खाडीकडे जायची वाट आमच्याच गोडाऊनच्या मागच्या भिंतीशी संपते. होडी पडवीत उलटी पडलेली असते, आक्का तिच्यावर मिरच्या वाळवते. मी लगेच हो म्हटलं. पोरगी सहसा काही मागत नाही.

गेमला लागणारं ग्राफिक्स कार्ड तिने स्वतःच्या इंटर्नशिपच्या पैशातून घेतलं, स्वतःच बसवलं. उत्तम चालतं. पण विंडोज रोज सांगतंय की चौदा ऑक्टोबरनंतर मला काही विचारू नका. नवं विंडोज आमच्या मशीनवर बसत नाही. भाविकाचं म्हणणं, चौदा तारखेनंतर लगेच काही बंद पडत नाही, आधी खेळून घेऊ, मग बघू. 'मग बघू' हा या पिढीचा रोग आहे. मी ठरवलं: लिनक्स. फुकट आहे, शिवाय जगातले मोठमोठे सर्व्हर त्याच्यावर चालतात. दसऱ्याच्या मुहूर्तावर टाकायचं. एका दिवसाचं काम. उरलेले बावीस दिवस खेळायला.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा दिवसाला दोनच. कॉम्प्युटरच्या बाबतीत कुणाचीही मदत न घेणे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आठला उठलो. उद्यापासून पाच.

पूजा झकास झाली. पाटावर कोयता, फावडं, गोडाऊनच्या किल्ल्या, माझ्या बायकोची, विनिताची, शिवणाची कात्री. आणि माझी कल्पना, कॉम्प्युटर. आक्का (म्हणजे माझी आई, अख्खं अंजूर आक्का म्हणतं म्हणून मीही) म्हणाली की डब्याला भायेरून हळद लावून काय उपेग, हत्यार म्यानातून भायेर आनल्याबिगर पूजा व्हत न्हाय. मुद्दा बिनतोड होता. कॅबिनेट उघडून कार्ड बाहेर काढलं. काय देखणी वस्तू! खालच्या कडेला बारीक सोनेरी दातांची रांग. कुंकवासाठीच जागा ठेवलेली. एकेका दाताला हळद लावली, त्यावर ओलं कुंकू, वर अक्षता, मग आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. एकही दात सोडला नाही. काम करायचं तर मन लावून करायचं, हा माझा स्वभाव. भाविका इंटर्नशिपच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होती, नाहीतर तिच्याच हातून करून घेतलं असतं.

आक्काचे डोळे भरून आले. म्हणाली की तुझ्या बापानं होडीची पूजा अशीच केली व्हती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

मुहूर्त दुपारचा. कुंकू छान वाळलं होतं. कार्ड मीच परत बसवलं. जरा घट्ट गेलं, पण दाबल्यावर बसलं. कॅबिनेटला झेंडूचं तोरण. आक्काने बजावलं की पूजलेलं हत्यार भाऊबीजेपातूर उघडाचं न्हाय, आपल्यात तसा रिवाज हाय. मी वरून सेलोटेप मारून कागद चिकटवला: 'उघडू नये. — रामनाथ.'

सुरू केलं तर स्क्रीन काळी. साहजिक आहे, लिनक्स अजून आत गेलंच नव्हतं. मागे मदरबोर्डचं दुसरं भोक आहे, स्क्रीनची वायर त्यात घातली, चित्र आलं. विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं. चाळीस मिनिटं. लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळी ६. गेम उघडत नाही. म्हणतो, ग्राफिक्स कार्ड नाही. कार्डाचे पंखे माझ्या डोळ्यांदेखत गरगर फिरतायत, दिवे लागलेत, आणि हा म्हणतो नाही! सरळ हिशोब आहे. परवा विंडोजवर चालत होतं, आज लिनक्सवर चालत नाही. मध्ये काय बदललं? ड्रायव्हर. दुसरं काहीच बदललेलं नाही.

भाविकाला सांगितलं, उद्या. म्हणाली ठीक आहे बाबा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११.

ड्रायव्हर म्हणजे काय ते आज पूर्ण समजलं. विनिताला समजावून सांगितलं. लूमच्या कारखान्यात शेठ एका भाषेत ओरडतो आणि कारीगर दुसऱ्या भाषेत ऐकतो. मध्ये मुकादम असतो. शेठचं कारीगराला सांगायचं, कारीगराचं शेठला. लिनक्स हा शेठ, कार्ड हा कारीगर, ड्रायव्हर हा मुकादम. मुकादम चांगला नसेल तर कारीगर कितीही हुशार असो, कापड निघत नाही. विनिता म्हणाली, कळलं, आता भाजी आणून द्या.

मुकादम दोन प्रकारचे. एक उघडा, तो लिनक्सबरोबर फुकट येतो, त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. दुसरा कार्डवाल्या कंपनीचा, तो बंद, आत काय आहे ते सांगत नाही. आमच्याकडे आपोआप उघडा आला आहे. दोष तिथेच. उद्या कंपनीचा टाकतो.

चहा: पाच. अभ्यासाच्या दिवशी मोजू नयेत.

५ ऑक्टोबर, रविवार.

कंपनीचा ड्रायव्हर टाकला. दोन तास. शेवटी लिहून आलं की या मशीनमध्ये आमचं कार्ड सापडलं नाही. न शोधताच सांगतात. सरकारी ऑफिससारखं, खिडकीतूनच 'साहेब नाहीत'.

सुगत आला होता. आमच्या गोडाऊनमध्ये जी कुरियरवाली कंपनी भाड्याने आहे तिचं कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. दसऱ्याला नागपूरला गेला होता, दीक्षाभूमीवर. येताना भाविकासाठी संत्राबर्फी घेऊन आला. घरी जायला दिघाशीपर्यंत बाईक मारायची असते, तरी थांबला. मी मदत मागितली नाही हे नमूद करतो. तोच म्हणाला की शेठ, एक कमांड मारून बघा, मशीनमध्ये काय काय जोडलंय त्याची यादी येते. मारली. मदरबोर्ड आहे, आवाजाचं आहे, नेटवर्कचं आहे. कार्डाचं नाव नाही.

सुगत म्हणाला की यादीत नाव नाही म्हणजे मशीनला कार्ड दिसतच नाही, ड्रायव्हरचा प्रश्न त्याच्या पुढचा. मी त्याला शांतपणे विचारलं, दोन निवडणुकांत मतदार यादीत माझं नाव नव्हतं, म्हणून मी नव्हतो का? यादी चुकीची असू शकते. तो हसला. मग म्हणाला की शेठ, तुमच्याच भाषेत बोलतो, कारीगर गेटच्या आतच आला नाही तर मुकादम बदलून काय होणार? एकदा कॅबिनेट उघडू. मी कागदाकडे बोट दाखवलं.

पोरगा चांगला आहे, पण नोकरीतला माणूस. ठरावीक चौकटीतच विचार करतो.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

सकाळी नवा शोध. सुरू होतानाच मशीनला एक राखणदार असतो, सिक्युअर बूट. अनोळखी ड्रायव्हरला तो आत सोडत नाही. हाच तो! ओळख पटवण्यासाठी पासवर्ड ठेवायला सांगितलं, ठेवला. मशीन पुन्हा चालू केल्यावर निळ्या स्क्रीनवर तोच पासवर्ड विचारला. आठवेना. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मला विचारतो तू कोण.

शेवटी राखणदारच बंद करून टाकला. कार्ड यादीत नाही.

मसाला दूध. भाविकाने विचारलं, आज खेळायचं का. म्हटलं, परवा. ती म्हणाली की घाई नाही बाबा, एकोणीस दिवस आहेत. मोजतेय म्हणजे.

८ ऑक्टोबर, बुधवार.

कर्नल बदलला. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. ड्रायव्हर त्याच्या मापाने शिवावा लागतो.) मग आणखी नवा कर्नल टाकला. मग जुना परत. आता चालू करताना तिन्हींची यादी येते आणि कुठला हवा असं विचारतो. हॉटेलात बसल्यासारखं वाटतं.

दुपारी जेवताना भाविकाने अचानक विचारलं की बाबा, खंडेनवमीला कार्ड बाहेर काढलं होतं तेव्हा त्याला कुंकू लावलंत का? म्हटलं, अर्थात. कुठे लावलं? म्हटलं, जिथे लावायचं तिथे, सोनेरी भागाला. ती हळूच म्हणाली की परत बसवताना पुसलं होतं ना? आक्काच्या हातातला घास खाली. म्हणाली, सनासुदीला कुकू पुसाची भाषा या घरात कुनी कराची न्हाय. देवाचं कुकू हाय त्ये. भाविका म्हणाली, आक्का, मी कार्डाचं बोलतेय. आक्का म्हणाली, कुनाचं पन असूदे.

मी आक्काच्या बाजूने उभा राहिलो. शास्त्र वेगळं, संस्कार वेगळे. शिवाय कुंकू लावायच्या आधीपासूनच कार्ड बंद... नाही, असो. पंखे फिरतायत, म्हणजे कार्ड ठीक आहे.

भाविका म्हणाली की बरं, भाऊबीज होऊ दे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

माझी या विषयातली जाण आता गावात सर्वात जास्त आहे. व्हॉट्सॲप ग्रुप काढला: 'अंजूर लिनक्स मंडळ'. सुगतला घेतलं, प्रितमला (माझा पुतण्या, त्याचा टेम्पो आहे) घेतलं, भाविकाला घेतलं. दिवाळीनंतर क्लास काढायचा विचार आहे, दर रविवारी दोन तास. पहिलं व्याख्यान, 'आपलं कार्ड आणि आपला ड्रायव्हर'.

प्रितम ग्रुप सोडून गेला.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ४.

दोन दिवस नोंद नाही. कारण: कंटेनरने वळताना इंटरनेटची वायर तोडली. रस्त्याच्या मापाचे कंटेनर येत नाहीत आणि कंटेनरच्या मापाचा रस्ता होत नाही. वायरवाला आज आला.

नेट आल्या आल्या लिनक्सच बदलला. हा दुसरा लिनक्स. फोरमवर वाचलं की गेमसाठी हाच. आधीचे तीन कर्नल, दोन ड्रायव्हर, सगळी मेहनत पुसली गेली. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

कार्ड यादीत नाही.

फोरमवर प्रश्न टाकला. सविस्तर, पूजेपासून सुरुवात करून. एकाने उत्तर दिलं की कार्ड काढून कनेक्टर साफ करा. आणखी चौघांनी त्याच्याखाली अंगठे दिले. ज्यांना सॉफ्टवेअर समजत नाही ते हार्डवेअरवर घसरतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आज विंडोजची मदत बंद. गावात कुणाचंही काही बंद पडलं नाही. सुगतच्या ऑफिसातली पन्नास जुनी मशीन सकाळपासून चालू. मला त्याचं काही नाही. दूरदृष्टीची फळं उशिरा येतात.

पाठ दुखते. पाचला उठणं रद्द.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. विजयाचा दिवस!

गेम चालला!

कार्डाशिवाय, मदरबोर्डच्या स्वतःच्या ताकदीवर. एक सेटिंग सापडलं, चित्राचा दर्जा अगदी तळाला नेला, पाणी बंद केलं (पाण्याला फार ताकद लागते), झाडं बंद केली, आभाळ करडं केलं. आणि उघडला. हाक मारली तशी भाविका इंटर्नशिपची मीटिंग अर्धी सोडून आली. स्टूल ओढून शेजारी बसली. मला डावं वल्हं, तिला उजवं.

चित्र थोडं हळू येतं. बटण दाबलं की मनात वीस मोजायचे, मग वल्हं हलतं. सुगत सांगतो की सेकंदाला साठ चित्रं यायला पाहिजेत. आमच्याकडे एक येत होतं, तेही मनात आलं तर. पण आलं! अर्ध्या तासात होडी वीतभर सरकली. भाविका हसत होती. म्हणाली की बाबा, एवढ्या वेळात ओहोटी लागेल. मीपण हसलो. बऱ्याच दिवसांनी एवढे जवळ बसलो होतो. तिच्या केसांना ते खोबरेल तेल नाही, दुसरं काहीतरी लावते आता. मला माहीत नव्हतं.

मग मशीन तापून बंद पडलं.

ती म्हणाली की बाबा, खेळ दोन तासांचाच आहे. एकदा नीट चालला की एका दुपारी होईल. फक्त एक दुपार हवी. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, ड्रायव्हर माझ्यावर सोड. म्हणाली की तेच तर.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

काही केलं नाही. बाजारातून येताना अंजूरफाट्याला दीड तास अडकलो. आक्का म्हणाली की त्वांड सुकलंय तुजं, त्या डब्याला नजर लागली आसंल, मीठ-मोहरी ओवाळते. ओवाळू दिली. सगळे उपाय करून झाले होते.

मोहरीचे दोन दाणे पंख्यात गेले. आवाज येतो आता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

भाविकाची बॅग भरायला घेतली आहे. विनिता चिवडा, चकल्या, सुकटीची चटणी, सगळं बांधते. भाविका म्हणते, आई, तिथेही मिळतं. विनिता म्हणते, तिथे आपलं मिळतं का? मी या खोलीत बसून ऐकतो.

चार दिवस राहिले. चार दिवसांत माणसं काय काय करतात.

वेलँड आणि एक्स यांच्यातला फरक आज वाचला. स्क्रीनवर चित्र मांडणाऱ्या दोन पद्धती आहेत. मुळात चित्रच नाही तेव्हा मांडायचं काय, असा विचार एकदा मनात येऊन गेला. थकव्यामुळे असे विचार येतात.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

अंबाडीला ताईकडे. ओवाळून घेतलं. ताईला ड्रायव्हरचं सांगितलं, मुकादमाचा दृष्टान्त देऊन. ती म्हणाली की रामनाथ, पोरगी परवा चाललीय ना रे? म्हटलं, म्हणूनच तर. ती म्हणाली की मग हितं काय करतंस?

भाऊबीज आहे, दुसरं काय करणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

आक्काने तोरण उतरवून खाडीत सोडायला दिलं. खाडीपर्यंत वाट नाही म्हणून प्रितमच्या टेम्पोतून पाठवलं. भाविका लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. म्हणाली की बाबा, भाऊबीज झाली, आता वीस मिनिटं द्या मला. मी म्हटलं, थांब, मी तिसरा लिनक्स टाकतोय, मध्येच बंद केलं तर सगळं जाईल. ती स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभी राहिली. बराच वेळ. मग तिच्या मैत्रिणी भेटायला आल्या.

तिसरा लिनक्स संध्याकाळी बसला. सगळ्यात नवा, ड्रायव्हर आतच असतात, मी एकालाही हात लावला नाही. कार्ड यादीत नाही.

शेवटचा उपाय आहे. भिवंडीत लडकूचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याकडे कंपनीच्या ड्रायव्हरची जुनी सीडी आहे म्हणतात. उद्या सकाळी दुकान उघडताच घेतो. तिची टॅक्सी एकला. दहाला उघडलं तर अकराला घरी, दोन तास मिळतात. खेळ दोन तासांचाच आहे. बसतंय.

२५ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी.

लडकूचं दुकान दिवाळीमुळे साडेअकराला उघडलं. पायरीवर बसून राहिलो. शेजारचा पानवाला म्हणाला, चाचा, घर जाओ, वो आज आएगा भी कि नहीं पता नहीं. पण आला. सीडी दिली. सीडी घालायला आमच्या मशीनला जागाच नाही, हे रिक्षात आठवलं. फाट्याला पुन्हा ट्रॅफिक.

पावणेएकला घरी. टॅक्सी आधीच दारात, हॉर्न मारतेय. आत आलो तर कॉम्प्युटर चालू, स्क्रीनवर निळंहिरवं काहीतरी हलतंय, पंख्याचा आवाज. खुर्चीत बसलो तर खेळायचा रिमोट खाली टोचला. घरातली सगळी माणसं दारात सामान लावतायत आणि इथे मशीन वाऱ्यावर! बघितलंही नाही, भिंतीवरचं बटण बंद केलं. म्हटलं, लाइट काय फुकट येते का? तिथे एकटी राहणार आहेस, एवढी तरी शिस्त पाहिजे.

भाविका दारात उभी होती. स्क्रीनकडे बघत होती. मग पाया पडली. आक्काने दही दिलं हातावर. मी सीडी दाखवली, म्हटलं पुढच्या दिवाळीत परत येशील तेव्हा तयार असेल. म्हणाली, हो बाबा.

टॅक्सी गोडाऊनच्या कोपऱ्यावर कंटेनरमागे अडकली, म्हणून पाच मिनिटं जास्त दिसली.

२६ ऑक्टोबर, रविवार.

पोचली.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.

कॅबिनेटवर एक खोडरबर सापडलं. शाळेतलं, पांढरं. एका बाजूने लालभडक झालेलं, कडेला पिवळं. माझा 'उघडू नये' कागद नीट घडी करून त्याच्याखाली ठेवलेला.

कुणी काय खोडलं, विनिताला विचारलं. ती शिवणाच्या मशीनवर होती, मान वर केली नाही. म्हणाली की तुम्ही भिवंडीला गेलात त्या दिवशी भाविकाने डबा उघडला. कार्ड काढलं, खोडरबराने ते सोनेरी दात घासले, आत फुंकर घातली, परत बसवलं. आक्का बघत होती, पण अडवलं नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. साडेदहाला गेम सुरू झाला. मग बसली.

मी विचारलं, कुणाबरोबर खेळली? विनिता म्हणाली, खेळली कुठे. तुमची वाट बघत बसली. तुम्हाला फोन लावला तर तो इथेच टेबलावर वाजला. दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन रिक्षा आली का बघायची. पावणेएकपर्यंत.

मग शिवणाचं मशीन पुन्हा चालू झालं. त्याचा आवाज, सुईचा.

मी इथे येऊन बसलो आहे. लिहितोय तेव्हा बरं वाटतं, असं वाटलं होतं. नाही वाटत. मी त्या दिवशी बटण बंद केलं, ते स्वतःच्या हाताने केलं. कुठल्या ड्रायव्हरने केलं नाही. पोरीने एक दुपार मागितली होती आणि मी तिला तीन लिनक्स दिले.

तिला फोन केला. पहिला दिवस आहे ऑफिसचा. उचलला, हळू आवाजात बोलली. मी म्हटलं, कार्ड यादीत आलं. ती म्हणाली, आलं ना? मग ती म्हणाली की बाबा, मीटिंग आहे, नंतर करते. मी म्हटलं, दुपारचं जेवून घे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी ३.

सुगत आला होता. खोडरबर बघितलं. चहा घेतला. जाताना म्हणाला की शेठ, क्लासला माझं नाव लिहा. मी म्हटलं, क्लास रद्द.

तो गेल्यावर गेम उघडला. वायर आता कार्डाच्या भोकात आहे. दोन नावं तिने आधीच भरून ठेवली होती. उजवं वल्हं: भाविका. डावं वल्हं: बाबा. खाली लिहिलेलं, दोघेही तयार असल्यास बटण दाबा. मी माझं दाबलं. मग तिच्या रिमोटचंही मीच दाबलं.

पाणी काय सुंदर आहे. काठाला चिंबोऱ्यासुद्धा दिसतात. झाडं आहेत, आभाळ निळं आहे. पलीकडे लांब समुद्राची रेघ.

मी डावं वल्हं मारलं. होडी उजवीकडे वळली. पुन्हा मारलं, आणखी वळली. मारत राहिलो. होडी जागच्या जागी गोल फिरते, काठ येतो, समुद्र येतो, काठ येतो. तिचा रिमोट उचलून दुसऱ्या हातात धरून बघितला, पण दोन हातांनी दोन वल्ही मला जमत नाहीत. एकाला चार बटणं आहेत.

अर्धा तास फिरवली. एकदाही अडकली नाही. सेकंदाला साठ चित्रं, वरती कोपऱ्यात आकडा येतो.

ड्रायव्हर उत्तम बसला आहे.